बंदुकीचा कान, गारगोटी आणि होळकरांच्या पलटणी

काशीतील अहिल्याबाई घाट होळकरांच्या दौलतीची एक बाजू सांगतो. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या घाटाला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाईंचे नाव लाभले. 1780 मध्ये विश्वनाथ मंदिरही त्यांनीच उभारले. त्याच दौलतीची दुसरी बाजू म्हणजे सुभेदार तुकोजीरावांची फौज. घाटाचा दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शिपायाच्या बंदुकीतील गारगोटी मात्र साधारण वीस ते पन्नास बारांत बोथट होते. हिंदुस्थानी फौजा तोडेदार बंदुकीला दीर्घकाळ का धरून राहिल्या, याचे बरेचसे उत्तर अशा झिजणाऱ्या लहान भागांत आहे.

ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासतात. नळीच्या मागील टोकास एक बारीक छिद्र असते, तो बंदुकीचा 'कान'. कानाबाहेरच्या वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक, घालतात. रंजकीची ज्वाला कानातून आत शिरली तर बार उडतो. ती बाहेरच भडकून विझली तर शिपायाच्या हाती उरते ती केवळ लोखंडी काठी.

तोडेदार बंदुकीत रंजक पेटवते ती सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, धुमसती दोरी. ती संपली की कोठेही नवी वळता येते. चकमकीच्या बंदुकीचे तंत्र निराळे. तिची ठिणगी दगडाची असते, हा समज चुकीचा आहे. ती पोलादाची असते. मोहच्या काठिण्यश्रेणीत सुमारे 7 असलेली गारगोटी पोलादी पट्टीचा सूक्ष्म कीस काढते आणि नुकताच उघडा पडलेला तो तप्त लोहकण हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो. साहजिकच प्रत्येक बारागणिक पट्टी झिजते. वरचा कठीण थर गेला की उरलेल्या मऊ लोखंडातून ठिणगी पडत नाही. मग ती पट्टी हाडांच्या व चामड्याच्या कोळशात बंदिस्त तापवून, कार्बन मुरवून पाण्यात विझवावी लागते. अगदीच झिजली तर तिच्यावर पोलादाचा नवा पत्रा रिव्हेटने जडवतात. हे सामान्य लोहाराचे काम नव्हे. गारगोटीचीही तीच गत. नर्मदेच्या खोऱ्यात अकीक विपुल, पण बंदुकीला हवी ती ठरावीक मापाची, धारदार पाचर. इंग्लंडातील ब्रँडन हे गाव अशा पाचरी फोडण्याच्या धंद्यासाठीच प्रसिद्ध होते.

म्हणूनच तोडेदार बंदूक हे निव्वळ मागासलेपणाचे लक्षण मानणे मला पटत नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयनने कवायती कंपू उभारले, आग्र्याला सँगस्टरच्या हाताखाली तोफा-बंदुकांचा कारखाना चालवला. तरी त्याच्या नजीब पलटणींकडे तोडेदार बंदुकाच होत्या, फक्त त्यांना संगिनी जोडल्या होत्या. होळकरांनीही द्युद्रनेक या फ्रेंच सरदाराकडून कवायती पलटणी तयार करवल्या. 1793 मध्ये लाखेरीला द बॉयनच्या फौजेपुढे त्या मोडल्या. अशा पलटणी पोसणे म्हणजे शिपायांच्या पगाराखेरीज गारगोट्या, कमानी आणि कुशल कारागीर यांचा अखंड पुरवठा करणे होय.

कान मात्र दोन्ही प्रकारांत झिजे. दारू जळाल्यावर तिच्या वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने मागे राहतो. हे क्षार हवेतील ओलावा शोषून लोखंड गंजवतात, तर प्रत्येक बाराचा तप्त वायू छिद्र रुंदावत नेतो. रुंद कानातून दाब निसटतो, गोळीचा वेग घटतो. गरम पाण्याने धुऊन तेल लावणे हा रोजचा उपाय. कायमचा उपाय म्हणजे छिद्र मोठे करून त्यात नवी नळकांडी बसवणे. पितळी तोफांना ती तांब्याची असे, लंडनच्या उंची बंदुकांना सोन्याची किंवा प्लॅटिनमची.

1807 मध्ये अलेक्झांडर फोर्सिथने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि पुढे गारगोटी व रंजक दोन्ही हद्दपार झाली. कोकणात पीकरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीवरची 'केप' ही त्याच शोधाची वंशज. झीज तिथेही चुकली नाही: जुन्या केपांतील पोटॅशियम क्लोरेट जळून मागे उरणारा क्षार केपेखालचे निपल खाऊन टाकी. पण निपल आट्यांचे असते. ते फिरवून काढायचे आणि नवे बसवायचे, नळीला हात लावावा लागत नाही.