थेम्सवरचा लाल अंगरखा

१ ऑगस्ट १७१५. राजा पहिला जॉर्ज गादीवर आल्याला एक वर्ष झाले, म्हणून नट थॉमस डॉगेट याने लंडनमध्ये थेम्स नदीवर होड्यांची शर्यत लावली. लंडन ब्रिज ते चेल्सी. स्पर्धक उमेदवारी नुकतीच संपवलेले नावाडी. बक्षीस म्हणजे नारिंगी अंगरखा आणि बाहीवर मिरवायचा चांदीचा बिल्ला.

तेव्हा शहरात नदीवर पूल एकच. पैलतीरी जायचे तर नावाड्याला हाक मारावी लागे. १७५० मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला. पुढे पूल वाढत गेले, उतारू तुटले आणि हजारो नावाड्यांचा धंदा बसला.

शर्यत मात्र आजही होते. जुने विजेते लाल अंगरखा चढवून येतात. काठावरचे प्रेक्षक ज्याला हौसेचा वेश समजतात, तो एका कष्टकरी व्यवसायाचा मान आहे.