प्रॉक्सी सर्व्हर
प्रॉक्सी सर्व्हर हा वापरकर्त्याचा संगणक आणि संकेतस्थळ यांमधील मध्यस्थ सर्व्हर होय. तो वापरकर्त्याची मागणी स्वतःच्या आयपी पत्त्यावरून पुढे पाठवतो. त्यामुळे संकेतस्थळाला मूळ पत्ता सहसा दिसत नाही. १९९४ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत महाजालासाठी असा सर्व्हर विकसित झाला. 'स्क्विड'सारखी मुक्त आज्ञावली वारंवार मागितली जाणारी पाने साठवून सामायिक जोडणीचा वेग वाढवते. कूटबद्ध (एचटीटीपीएस) पाने मात्र तिला सहसा साठवता येत नाहीत.

चाचणीसाठी प्रॉक्सी जोडण्यापूर्वीचे व नंतरचे आयपी पत्ता, पिंग आणि डाउनलोडचा वेग यांची तुलना करतात.

प्रॉक्सी सर्व्हर माहिती कूटबद्ध करतोच असे नाही. साध्या एचटीटीपी पानावर लिहिलेला पासवर्ड त्याच्या चालकाला वाचता येतो. म्हणून अनोळखी मोफत प्रॉक्सी वापरणे धोक्याचे असते.