हिंगाचे माहेर

जेवण अंगावर आले, पोट फुगले की आपण हिंगाची डबी काढतो आणि त्याला 'घरगुती उपाय' म्हणतो. भगिनींनो, ही घरगुती वस्तू मुळात आपल्या देशातलीसुद्धा नव्हे! तिचे माहेर अफगाणिस्तान-इराणच्या कोरड्या डोंगरांत. अमरकोशाने हिंगाला 'बाल्हीक' असेही नाव दिले आहे. बाल्हीक म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातला बल्ख प्रांत. माल कोठला, हे आपल्या जुन्या कोशकाराला ठाऊक होते. विसरलो ते आपण.

हे रोप ओवा-बडीशेपेच्याच कुळातले. चार-पाच वर्षांचे झाले की मुळाच्या माथ्याशी काप देतात, चीक पाझरतो, वाळला की खरवडून घेतात. तो इतका उग्र की नुसता वापरणे कठीण. म्हणून पीठ आणि डिंक मिसळून आपला नेहमीचा बांधानी हिंग करतात. डबीवरचे घटक एकदा चष्मा लावून वाचाच! चिमूटभराने गुण का येत नाही, ते तेथेच कळेल.

माल परका खरा. पण त्याचे औषध करण्याची विद्या येथे फार जुनी. चरकसंहितेत अग्नी प्रदीप्त करणाऱ्या आणि वात सारणाऱ्या द्रव्यांत हिंगाला अग्रमान आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हिंगाष्टक आहे: सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि आठवा हिंग. तो तुपात भाजून घालायचा आणि चूर्ण पहिल्या घासाला तुपातून घ्यायचे. आमच्या घरी जड जेवणाच्या दिवशी पानाच्या डाव्या बाजूला त्याची चिमूट असेच. मला त्याचा गुण येतो, एवढे मी स्वानुभवाने सांगते.

मात्र लहान मुलांच्या बाबतीत जपावे. माझ्या सासूबाई कोमट पाण्यात कालवलेला हिंग बाळाच्या बेंबीभोवती लावीत. पोटात कधी देत नसत. त्यांचे बरोबरच होते. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत, पाच आठवड्यांच्या बाळाला हिंगाचे औषध पाजल्यावर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटल्याचे नमूद आहे. मोठ्यांचेही तसेच. छातीत दाटून घाम फुटला, तर 'गॅस झाला असेल' म्हणून हिंग चोळीत बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावे. कित्येक घरांत बायका आपले दुखणे असेच अंगावर काढतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

असो. इतकी शतके आणून खाल्ल्यावर आता हिंग आपल्याकडे लावण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. देशात वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग बाहेरून येत असताना, १५ ऑक्टोबर २०२० रोजी हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, क्वारिंग गावी, पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेने हिंगाचे पहिले रोप लावले. त्याचे बी मात्र इराणहून आणावे लागले.