जयकरांचे दोन आणे

पुणे विद्यापीठात शिकलेल्या आमच्यासारख्यांना जयकर म्हटले की ग्रंथालय आठवते. परंतु बॅ. मुकुंदराव जयकरांच्या एका शिफारशीची छाया पिंपरी-चिंचवडवर आजही आहे. 1927 साली नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा व तो रस्त्यांवरच खर्चावा, ही समितीची सूचना 1929 साली अमलात आली. म्हणजे हा कर बसला तो मोटारीला आवर घालण्यासाठी नव्हे, तिची वाट प्रशस्त करण्यासाठी. 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यानेही पेट्रोल-डिझेलवरील उपकर रस्त्यांसाठीच राखला.

दुसरा कर जकातीचा. 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महापालिका झालेले पिंपरी-चिंचवड जकातीवरच श्रीमंत झाले. 1997 साली गावे समाविष्ट होऊन हद्द मोशीला, इंद्रायणीकाठी पोचली. नदीपलीकडच्या चाकणला मात्र महापालिकेची जकात नव्हती. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 चा. आकुर्डीतील उत्पादन 2007 साली थांबले. मर्सिडीज-बेंझ 2009 साली पिंपरीहून चाकणला गेली. याचे सारे श्रेय जकातीला देता येणार नाही. मोठे भूखंड आणि स्वस्त जमीन ही कारणेही होतीच. तरी कराची रेघ आणि गावाची वाढ यांचे नाते नजरेआड करता येत नाही.

परिणाम असा, की कारखाने नदीपलीकडे गेले आणि वस्ती बरीचशी अलीकडेच राहिली. चाकणला रेल्वे नाही. डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 पर्यंत सरकारी नियंत्रणात होते; सुटे भाग ट्रकने फिरवणे त्यामुळे परवडत राहिले. 2013 साली जकात गेली, पण तिच्या काळात आखला गेलेला नकाशा गेला नाही. 2022 साली पिंपरीत मेट्रो धावू लागली; चाकणला जाणाऱ्या कामगाराच्या हाती मात्र दुचाकीच राहिली.

इंधन महागले की माणसे कामाजवळ राहू लागतात व धूर घटतो, असे अर्थशास्त्र सांगते. त्याला पर्याय असावा लागतो. तो नसेल तर कर भरला जातो, अंतर तेवढेच राहते आणि धूरही. म्हणून इंधनकर किती असावा, याइतकाच तो कशावर खर्चावा हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. जयकरांनी त्यांच्या काळाला साजेसे उत्तर दिले होते. आपण अजून तेच गिरवीत आहोत.