‘वाइन’ या शब्दाची मिरासदारी

जांभळाची वाइन, सफरचंदाची वाइन. बाटलीवर फळाचं नाव आधी, ‘वाइन’ नंतर. द्राक्षाला मात्र नुसतं ‘वाइन’ म्हटलं की पुरतं. ही मिरासदारी चवीतून आली असेल असं वाटतं. मला ती सापडली दक्षिण फ्रान्समधल्या एका बंडात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळं शोषणाऱ्या किडीनं तिथल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. बागा गेल्या, पिणारे थोडेच जाणार? मग आयात केलेले बेदाणे भिजवून, आंबवून वाइन होऊ लागली. एकदा पिळलेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून पुन्हा वाइन काढली जाऊ लागली. 1889च्या ग्रिफ कायद्यानं ताज्या द्राक्षांपासून आंबवलेल्या पेयालाच वाइन म्हणायचं असं ठरवलं, पण ते कागदावरच. पुढे कलमी बागा पुन्हा बहरल्या, तरी साखरेची वाइन थांबेना. नव्या शतकात भाव कोसळले. अतिउत्पादन हेही कारण होतंच, पण शेतकऱ्यांचा राग भेसळीवर होता.

मार्च 1907मध्ये आर्जेलिए गावचा मार्सेलाँ आल्बेर, छोटा बागायतदार आणि कॅफेवाला, 87 जणांना घेऊन नार्बोनला गेला. जूनमध्ये माँपेलिएच्या सभेला पाच लाखांहून जास्त माणसं जमली. नार्बोनमध्ये सैन्यानं गोळीबार केला, माणसं मेली. स्थानिक पोरांची भरती असलेल्या 17व्या पायदळ पलटणीनं तर बंडच केलं. आल्बेर लपतछपत पॅरिसला पोचून पंतप्रधान क्लेमाँसोला भेटला. क्लेमाँसोनं त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ते पत्रकारांना सांगून टाकलं. झालं! आल्बेर गावी परतला तो विकला गेलेला माणूस म्हणून. इतक्या स्वस्तात मोडलेला पुढारी माझ्या वाचनात दुसरा नाही.

मागण्या मात्र मान्य झाल्या. 29 जूनच्या कायद्यानं उत्पादकाला आपली बाग किती आणि वाइन किती निघाली हे जाहीर करणं भाग पडलं, साखरेवर लगाम आला. सप्टेंबरच्या आदेशानं व्याख्या पुन्हा पक्की केली : ताजी द्राक्षं किंवा त्यांचा रस, दुसरं काही नाही.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 साली मद्याचे मानदंड आणले, तेव्हा द्राक्षेतर फळांच्या वाइनलाही त्यात जागा मिळाली. युरोपात मात्र त्याआधी एक लढाई झाली होती. 2007मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, ‘वाइन’ हा शब्द द्राक्षापुरताच राखायचा युरोपीय आयोगाचा विचार होता. फ्रँकफुर्टच्या ‘आप्फेलवाइन’चं नावच जाणार होतं. तिथे कुणी भेसळ करत नव्हतं, सफरचंदाला सफरचंदच म्हणत होते. भेसळखोरांसाठी घातलेलं कुंपण आता शेजाऱ्याच्या झाडांना अडवू लागलं होतं. हेसेन राज्यात गहजब झाला आणि आयोगानं माघार घेतली. निळ्या नक्षीच्या करड्या सुरईतून फ्रँकफुर्टकर आजही आप्फेलवाइनच ओततात.