फाल्केनश्टाइन वंशावळीची मुळे

माझ्या आजोबांच्या मागचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच सरदारांच्या वंशावळी मी संशयाने वाचतो. जर्मनीतील फाल्केनश्टाइन घराणे १३९७ साली काउंटपदाला पोचले. त्याचा शेवटचा पुरुष ट्रिअरचा आर्चबिशप होता. तो १४१८ साली वारला. हीच वंशावळ मागे नेली की बाराव्या शतकातले बोलांडेन घराणे लागते, आणि ते कायद्याने अस्वतंत्र सेवक! अशा सेवकांची मुले आईच्या धन्याच्या मालकीची होत. तरीही दुसऱ्या व्हेर्नर बोलांडेनजवळ १७ किल्ले आणि ११०० अंकित योद्धे असल्याचे समकालीन बखरकार गिझलबर्ट लिहितो. हाती तलवार होती. पुढच्या पिढ्यांत दास्याचा डाग पुसला गेला. मात्र धनी झाल्यावर या घराण्याने आपल्या जमिनीवर राबणाऱ्या अस्वतंत्र शेतकऱ्यांचे दास्य संपवले नाही.