मोटार आणि मालकाचा हात

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेलू व परभणी ह्यांच्या दरम्यान ‘मानवत रोड’ नांवाचें स्थानक लागतें. रेल्वेच्या परिभाषेंत ‘रोड’ ह्या शेपटाचा अर्थ इतकाच कीं, आगगाडी येथें थांबते, गांव मात्र अजून दूर आहे. 1900 च्या सुमारास निजामच्या राज्यांतून हा मार्ग निघाला, आणि मानवतच्या पेठेंतला कापूस गाठोडीं बांधून ह्या स्थानकाकडे जाऊं लागला. गांव आणि स्थानक ह्यांमधलें अंतर बैलगाडीनें काटावयाचें असे.

ह्या बैलगाडीची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न कोणास पडत नसे. आंसाला वंगण घालणें, जुंपणीचे दोर पाहणें, सैल झालेली खीळ ठोकणें हें गाडीवानाचें काम. चाकाची आरी बदलावयाची ती सुतारानें, आणि लोखंडी धाव तापवून बसवावयाची ती लोहारानें. मालकाचा हात कोठें थांबतो व कारागिराचा कोठें सुरू होतो, ही रेघ पिढ्यान्‌पिढ्या आंखलेली होती. मोटार आली ती अशी कोणतीहि रेघ बरोबर न घेतां आली. तिच्यापुढें लोहारहि नवखा आणि मालकहि नवखा. पुढील शंभर वर्षांत ती रेघ कोठें पडली, कशी सरकली आणि शेवटीं कोणी आंखून दिली, हा मोटारीच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित परंतु मोठा मनोरंजक भाग आहे.

मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्याचा आरंभ एका गृहिणीच्या हातून झाला. 1888 च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील कार्ल बेंझ ह्यांच्या पत्नी बेर्था बेंझ ह्या पतीस न सांगतां, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यांची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. अंतर सुमारें 65 मैलांचें. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनीं टोपीच्या लांब टांचणीनें मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हां पायमोजाच्या बंदानें ती लपेटून घेतली. ब्रेकचा लांकडी ठोकळा झिजला, म्हणून एका चांभाराकडून त्यावर कातडें ठोकून घेतलें. इंधन मिळालें तें वीसलॉख गांवच्या औषधाच्या दुकानांत. त्या वेळीं जगांत ना मोटारीचा कारखाना दुरुस्तीसाठीं उघडलेला होता, ना कोणी मिस्त्री होता. घरांतील वस्तूंनीं आणि गांवांतील जुन्या कारागिरांनींच हें पहिलें लांब पल्ल्याचें गाडें हांकलें.

मुंबईंत 1898 मध्यें मोटारी दिसूं लागल्या. आरंभीच्या मालकांत जमशेटजी टाटा ह्यांचें नांव घेतात. परंतु अशा धनिकांना मोटारीच्या पोटांत डोकावण्याचें कारण नव्हतें. त्यांच्याकडे शोफर असे. हा फ्रेंच शब्द मुळांत भट्टी पेटविणाऱ्यास लावीत, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे त्या नोकराचें खरें काम काय होतें हें कळतें. तो गाडी चालवीत असे त्याहून अधिक वेळ ती चालती ठेवण्यांत घालवीत असे.

मालकाच्या स्वतःच्या हातांत पान्हा दिला तो हेन्री फोर्डच्या ‘मॉडेल टी’ ह्या गाडीनें. 1908 पासून 1927 पर्यंत ह्या एकाच नमुन्याच्या दीड कोटि गाड्या निघाल्या. 1925 मध्यें तिची किंमत 260 डॉलरपर्यंत उतरली होती. ही गाडी शेतकऱ्यासाठीं बांधलेली होती आणि शेतकऱ्याजवळ मिस्त्री नाहीं हें गृहीत धरून बांधलेली होती. तिला पाण्याचा पंप नव्हता. तापलेलें पाणी आपोआप वर चढे, थंड झालेलें खालीं उतरे. पेट्रोलचा पंपहि नव्हता. टांकी बैठकीखालीं, आणि पेट्रोल केवळ उतारानें एंजिनाकडे येई. म्हणूनच टांकी भरत आलेली नसेल तर उभा चढ चढतांना गाडी अडे, आणि मालक ती फिरवून उलट्या गतीनें, पाठमोरी चढावर नेई. ज्यानें एकदां ही युक्ति केली त्याला द्रवाच्या पातळीचा नियम पुस्तकांतून शिकण्याची गरज उरली नसेल.

ह्या गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपाची होती. व्हॉल्व्ह कसे घांसावे, गतीचे पट्टे कसे आवळावे, असे प्रश्न मालकाच्या तोंडीं घालून त्यांचीं उत्तरें दिलेलीं असत. हँडल मारण्यापूर्वीं ठिणगीची कळ मागें घेण्याविषयीं मालकाला बजावून ठेवावें लागे. कळ मागें न घेतां हँडल मारलें तर एंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून जाणता मनुष्य हँडल नेहमीं वर ओढी, खालीं दाबीत नसे. आणि अंगठा मुठीभोवतीं न वळवितां बोटांच्याच बाजूस ठेवी.

निजामच्या राज्यांत मोटारीचीं दोन टोंकें एकाच वेळीं दिसत होतीं. सहाव्या निजामांसाठीं मागविलेली ‘रोल्स रॉइस’, जी 1911 मध्यें त्यांच्या निधनानंतर हैदराबादेस आली, ती सिंहासनासारखी सजविलेली गाडी आयुष्यांत कांहींशेच मैल चालली. आज ती चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. उभ्या राहिलेल्या यंत्राला दुरुस्तीची विद्या निर्माण करतां येत नाहीं. ती निर्माण झाली धुळींतून धावणाऱ्या गाड्यांपायीं. 1932 च्या जून महिन्यांत निजामच्या रेल्वेनें 27 बसगाड्या घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. त्यांत स्कॉटलंडमध्यें बांधलेल्या ‘अल्बियन’ गाड्या होत्या. राज्याच्या सत्तेनें चालविलेली रस्त्यावरील प्रवासी वाहतूक हिंदुस्थानांत इतक्या लौकर फार थोड्या ठिकाणीं होती. अशा आगारांत घडलेला मिस्त्री हाच पुढें खाजगी मोटारवाल्याचा गुरु ठरणें स्वाभाविक होतें.

परंतु आगार जिल्ह्याच्या ठिकाणीं, आणि मोटार अडे ती शिवारांत. गोदावरीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें विस्तारानें सांगावयास नको. पावसाळ्यांत हीच माती चाकाला असा लपेटा घालते कीं चाक आणि पंखा ह्यांमध्यें बोटभर जागा उरत नाहीं. उन्हाळ्यांत तीच पिठासारखी उडून कार्ब्युरेटरमध्यें शिरते. पेट्रोल डब्यांतून येई, त्यांत पाणी व गंज असण्याचा संभव. तें गाळावयाचें ते पेट्रोलनें भिजविलेल्या मऊ चामड्यांतून, कारण असें चामडें पेट्रोल जाऊं देतें पण पाणी अडवितें. सुटा भाग मुंबईहून मागवावयाचा तर तो राज्याच्या सीमेवर करोडगिरीच्या नाक्यावरून जकात भरून येणार. इतक्या अडचणींत ज्यानें मोटार बाळगली त्यानें चार पान्हे, एक पक्कड, रबराचे तुकडे आणि तारेचें वेटोळें बाळगलें नसतें तर त्याची गाडी बैलांनींच ओढून आणावी लागली असती. तशी ती पुष्कळदां आणावीही लागे.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या विद्येची कसोटी घेतली. 1941 मध्यें ब्रिटिश हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण बसलें. 1942 च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं गेला आणि रबराचा मोठा झरा आटला. टायर सोन्यासारखे जपूं लागले. तेव्हां मोटारीच्या पाठीमागें लोखंडी भट्टी आली. लोणारी कोळसा थोडक्या हवेंत धुमसत ठेवला कीं त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायु निघतो. तो थंड करून व गाळून एंजिनास दिला तर एंजिन चालतें. चालतें म्हणजे काय, तर निदान एक तृतीयांश शक्ति गमावून चालतें. सकाळीं निघण्यापूर्वीं भट्टी पेटवून वायु धरेपर्यंत थांबावें लागे. राख काढणें, गाळणी धुणें, डांबराचा थर खरवडणें हीं कामें रोजचीं. शिवाय हा वायु वासहीन आणि प्राणघातक. बंद खोपटांत भट्टी पेटती ठेवणें म्हणजे मरणास आमंत्रण देणें होय. ज्या मालकानें हीं वर्षें काढलीं त्याला एंजिन म्हणजे काय हें कोणत्याहि शाळेहून अधिक नीट समजलें.

सप्टेंबर 1948 मध्यें हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यांत विलीन झालें. 1956 मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला व 1960 मध्यें महाराष्ट्रांत. ह्याच सुमारास देशाच्या मोटारधोरणांत एक निर्णय झाला. 1953 मध्यें ज्या कंपन्या बाहेरून सुटे भाग आणून येथें केवळ जोडीत होत्या, त्यांना देशांत निर्मिति करा अथवा निघून जा असें सांगण्यांत आलें. परदेशी जोडणी-कारखाने बंद झाले. राहिल्या त्या थोड्या गाड्या. त्यांत वालचंद हिराचंद ह्यांनीं 1944 मध्यें स्थापिलेल्या कंपनीची कुर्ल्याची फिआट, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें, आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर ह्या प्रमुख होत. अँबॅसडर 1957 पासून 2014 पर्यंत निघत राहिली, पद्मिनी 2000 च्या सुमारापर्यंत.

ह्या धोरणाला नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि गाडीसाठीं वर्षानुवर्षें थांबलेल्या माणसाला तें न्यायानेंच राग आणणारें होतें. तथापि त्याचा एक परिणाम कोणी योजिलेला नव्हता. गाडी बदलत नाहीं म्हटल्यावर तिचें ज्ञान शिळें होत नव्हतें. बापाला जें ठाऊक तें मुलाला उपयोगी पडे. मॉडेल टी गाडींत ठिणगीचा क्रम एक, दोन, चार, तीन असा असे. फिआट व अँबॅसडर ह्या दोहोंत एक, तीन, चार, दोन. हा मंत्र ज्याला पाठ आहे तो मोटारवाला प्लगच्या तारा चुकूनहि उलटसुलट लावीत नसे. रविवारीं सकाळीं अंगणांत गोणपाट अंथरून प्लग काढावे, त्यांचीं तोंडें पाहावीं. राखी-तपकिरी असलीं तर गाडी निरोगी. काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट ओलीं असतील तर सिलिंडरच्या कड्या झिजल्या असें समजावें आणि पैशाची तयारी ठेवावी. प्लगची फट सुमारें 0.6 मिलिमीटर, पॉइंटची सुमारें 0.4. मापाची पत्री जवळ नसेल तर जाणकार अंदाजानेंच फट ठेवी, आणि पुष्कळदां ती बरोबर येई.

ह्या गाड्यांच्या मालकांत एकमेकांस सांगितलेल्या युक्त्यांचें एक मौखिक शास्त्रच तयार झालें होतें. वैशाखाच्या उन्हांत पेट्रोलची नळींतच वाफ होते व पंप तिला ढकलूं शकत नाहीं. तेव्हां पंपावर ओलें फडकें गुंडाळावें. पेट्रोलची टांकी गळूं लागली तर त्या जागीं धुण्याचा साबण चोळून भरावा, कारण पेट्रोलमध्यें साबण विरघळत नाहीं. रेडिएटर बारीक गळत असेल तर पाण्यांत हळदीची पूड टाकावी. पहिल्या दोन युक्त्या निर्दोष आहेत. तिसरी मात्र दुधारी. जी पूड चीर बुजविते तीच चांगल्या नळ्याहि बुजविते, आणि आज वाचलेली गाडी पुढच्या महिन्यांत उकळूं लागते. असा सल्ला देणारा मनुष्य सहसा स्वतःच्या गाडींत हळद टाकीत नसे.

1983 च्या डिसेंबरांत मारुतीची पहिली गाडी मालकाच्या हातीं पडली, आणि 2000 च्या सुमारास धुराविषयींच्या कडक नियमांबरोबर कार्ब्युरेटर जाऊन संगणकानें नियंत्रित होणारी इंधनव्यवस्था आली. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. हवा स्वच्छ झाली आणि गाडी वाटेंत बंद पडण्याचें जवळजवळ थांबलें. परंतु दोष आतां प्लगच्या तोंडावर लिहिलेला नसतो. तो संगणकाच्या पोटांत असतो, आणि तो वाचण्याचें उपकरण कंपनी कोणास देईल ह्यावर सारें अवलंबून असतें. ही तक्रार शेवटीं स्पर्धा आयोगापुढें गेली. 25 ऑगस्ट 2014 रोजीं आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस अडीच हजार कोटि रुपयांहून अधिक दंड केला. मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व दोष शोधण्याचीं उपकरणें त्या आपल्या अधिकृत दुकानांबाहेरील कारागिरांना मिळूं देत नाहींत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाविरुद्ध अपिलें झालीं. 2022 च्या अखेरीस केंद्र सरकारनें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं संकेतस्थळ उघडलें, त्यांत मोटारींचाहि समावेश आहे.

मानवतवरून आज 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. फोर्डच्या जुन्या पुस्तिकेंत व्हॉल्व्ह घांसण्याची रीत मालकासाठीं पायरीपायरीनें दिलेली होती. ह्या महामार्गावरून धांवणाऱ्या नव्या गाडीच्या पुस्तिकेंत टायरांतील हवा, तेलाची पातळी आणि कांच धुण्याचें पाणी मालकानें पाहावें असें असतें. त्यापुढें, बहुतेक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं, अधिकृत विक्रेत्याकडे जाण्याची सूचना असते.